सोळा आण्यांचं शिवार

सोळा आणे पीक म्हणजे काय, हे पुण्याजवळच्या आमच्या माण गावात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही समजावून सांगावं लागत नसे. सोळा आणे म्हणजे शिवार भरलं. बारा आणे म्हणजे देणं फिटून एखादं लग्नकार्य निघेल असं वर्ष. आठ आणे म्हणजे पोटापुरतं, आणि चार आणे म्हणजे बियाण्याच्या कणगीलाही हात लागणार. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, दसऱ्याच्या सुमारास खाचराच्या बांधावर उभं राहून भाताची लोंबी तळहातावर चोळायचे, दाणा दाताखाली धरायचे आणि निकाल द्यायचे, "अवंदा धा आणं धरा." शेजारच्या बांधावरून कुणी अकरा म्हणे, कुणी नऊ. साडेदहा कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आण्यांचे दिवस भरले. सरकारी कागदावर आणेवारीची, म्हणजे पिकाच्या या आण्यांतल्या अंदाजाची, पैसेवारी झाली. गावाच्या तोंडी मात्र आणेवारीच राहिली. पुढे मी पुणे विद्यापीठात, वसंत शंकर हुजूरबाजारांनी १९५३ साली उभ्या केलेल्या संख्याशास्त्र विभागात शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं हाच विषय शिकवला. संभाव्यता वितरणांचा धडा आला की पुस्तकं फासे आणि नाणी पुढं करतात. मी आणेवारी काढत असे. फासे टाकून पोट भरणारा माणूस आमच्या वर्गात कुणाच्या घरात नव्हता. आणेवारीवर ज्याचा शेतसारा माफ झाला किंवा झाला नाही, असा आजा मात्र निम्म्या वर्गाच्या घरात होता.

आणेवारीचा इतिहास नुसता महसुलाचा नाही. शेताशेतात पीक वेगळं असतं, ही प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट सरकारी दप्तराला कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली, त्याचा हा इतिहास आहे. आणि दप्तराला ती अजून पुरती पचलेली नाही.

सुरुवात पुणे जिल्ह्यातच झाली. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत कंपनी सरकारनं रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याला जमिनीची पाहणी करायला नेमलं. तो हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला. त्याची कल्पना कागदावर बिनतोड होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पिकतं ते काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याच्या शंभरातले पंचावन्न सरकारनं घ्यायचे. १८३०च्या सुमारास हे दर लागू झाले आणि लगेच कोलमडले. मोजणी चुकीची, हाताखालचे कारकून लाच खाऊन प्रत चढवणारे-उतरवणारे, आणि सारा न झेपल्यानं जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून जाणारे शेतकरी. पण कारकून धुतल्या तांदळासारखे असते, तरी दुखणं राहिलंच असतं. एकाच प्रतीच्या दोन शेतांत एकाच वर्षी पीक सारखं येत नाही, आणि एकाच शेतात दोन वर्षं सारखी जात नाहीत. प्रिंगलच्या हिशेबात या फरकाला घरच नव्हतं. एक प्रत, एक सरासरी.

त्याच्या मागून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे दोघे आले. १८३५ साली इंदापूरपासून त्यांनी नव्यानं सुरुवात केली आणि १८४७च्या संयुक्त अहवालात त्यांची पद्धत पक्की झाली. 'किती पिकतं' हा प्रश्न त्यांनी शहाणपणानं बाजूला ठेवला. पीक मापायचंच नाही, माती पाहायची. शेतात जागोजागी खोदून मातीची खोली हातानं मापायची. चांगल्या काळ्या मातीत पावणेदोन हात खोली मिळाली की ती जमीन सोळा आणे. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा, एक हाताला दहा, पाऊण हाताला आठ, अर्ध्या हाताला सहा आणि पाव हाताला साडेचार आणे. हलक्या मातीसाठी याहून खाली तीन आणि दोन अशा आणखी दोन पायऱ्या. मग दोष बघायचे. चुनखडी मिसळलेली असेल, उतार असेल, पाणी तुंबत असेल, तर दर दोषामागे जमीन एक पायरी खाली. एकूण वर्ग नऊ. ठरलेला दर तीस वर्षं कायम.

वर्गात मी हा तक्ता फळ्यावर लिहीत असे, कारण खंडित आणि सलग यांतला फरक इथं डोळ्यांना दिसतो. मातीची खोली ही सलग गोष्ट आहे. ती सव्वा हात असेल, सव्वा हातावर बोटभर असेल, त्या दोहोंच्या मध्येही कुठंतरी असेल. जितकी बारीक मोजपट्टी घ्याल तितकी नवी उत्तरं मिळत जातील. विंगेटच्या तक्त्यात मात्र नऊच उत्तरं आहेत आणि दोन उत्तरांच्या मध्ये काही नाही. ही खंडित गोष्ट झाली. सारा वसूल करायला खंडित सोयीचं. पटवाऱ्याच्या वहीत नऊ रकाने मावतात, अनंत मावत नाहीत. पण त्याची किंमत द्यावी लागते. पायरीच्या काठावरच्या दोन शेतकऱ्यांच्या मातीत बोटभर फरक आणि साऱ्यात दोन आण्यांचा.

हीच काठावरची भांडणं पुढं पिकाच्या आणेवारीत आली, आणि तिथं ती पेटली. मुंबई इलाख्याचा नियम असा होता, की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षाची सारावसुली पूर्ण तहकूब, चार ते सहा आण्यांच्या मध्ये आलं तर अर्धी. म्हणजे शिवारात पीक हळूहळू कमी-जास्त होणार, पण सवलत मात्र एकदम उडी मारणार. १९१७ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीनं पीक गेलं. शेतकरी म्हणाले चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणाले त्याच्या वर. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर चौकशीला गेले, गांधीजींनी गावोगाव फिरून स्वतःचा अंदाज काढला, आणि १९१८मध्ये खेड्याचा सत्याग्रह उभा राहिला. स्वातंत्र्याच्या लढ्यातलं ते मोठं पान आहेच. संख्याशास्त्राच्या बाजूनं पाहिलं, तर दोन पक्षांनी एकच शिवार नजरेनं पाहून दोन वेगळे आकडे सांगितले आणि कुणाचा खरा हे ठरवायला कुणाकडेच काटा नव्हता.

नजरेवर इतका भार टाकू नये, ही जाण आपल्याकडे नवी नाही. आमच्या गावच्या सप्ताहात नल-दमयंतीचं आख्यान लागलं, की बेहड्याच्या झाडाचा प्रसंग हमखास रंगायचा. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत असं सांगतो. नळाला पटत नाही. तो रथ थांबवतो, झाडाला हात घालतो आणि मोजून बघतो. आकडा जुळतो. राजा म्हणतो, मला फाशांचं मर्म ठाऊक आहे, म्हणून मोजणीतही मी पारंगत आहे. फासे आणि मोजणी या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे महाभारतकारांना सुचलं होतं. मला त्यात नळ जास्त आवडतो. राजाचा शब्द असला तरी उतरून मोजायचं.

पिकाच्या बाबतीत उतरून मोजायचं काम हिंदुस्थानात पहिल्यांदा नीट केलं ते बिहार-ओरिसात जॉन हबक या मुलकी अधिकाऱ्यानं. १९२३ ते १९२५ या काळात त्यानं भाताच्या शेतांत यदृच्छेनं जागा निवडून छोट्या त्रिकोणी चौकटीतलं पीक कापलं, तोललं आणि १९२७ साली अहवाल छापला. त्याच वर्षी लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी ४१,६०० यादृच्छिक अंकांची तक्ता-वही प्रसिद्ध केली. कुठलाही अंक दुसऱ्याहून लाडका नाही, अशी अंकांची रास. शेतात कुठं कापायचं हे माणसानं ठरवायचं नाही, तक्त्यानं ठरवायचं.

आणि मग आली दोन मराठी माणसं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्याकडे संख्याशास्त्र करून आले आणि १९४०पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेचं संख्याशास्त्राचं काम पाहू लागले. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत कापसावर काम करत होते. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यातल्या कापसापासून पानशांनी यदृच्छ नमुन्यानं पीककापणी सुरू केली. सुखात्म्यांनी ती गव्हा-भातापर्यंत नेली. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानं देशात धान्य किती आहे याचा धड हिशेबच नाही हे उघडं पाडलं होतं, त्यामुळे कामाला निकड आली. दोघांचं १९५४ सालचं शेती-संख्याशास्त्राचं पुस्तक पुढं पिढ्यान् पिढ्या कृषी महाविद्यालयांत चाललं.

पीककापणी कशी होते, हे मी लहानपणी आमच्याच खाचरात पाहिलं आहे. तलाठी, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे, आणि ग्रामसेवक सकाळी दव वाळल्यावर यायचे. सर्व्हे नंबर आधीच तक्त्यातून निघालेला असे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तक्त्यातले दोन आकडे घ्यायचे, एका आकड्याइतकी पावलं लांबीकडे, दुसऱ्याइतकी रुंदीकडे, आणि जिथं पाय थांबेल तिथं खुंटी. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन. कोपरे काटकोनात आले का हे बघायला कर्णाची दोरी धरायची. ती ११ मीटर १८ सेंटिमीटर भरली पाहिजे. दोरी ताणून झाली की काठावरच्या प्रत्येक चुडापाशी वाकून बघायचं. मूळ दोरीच्या आत असेल तर चूड आत, बाहेर असेल तर बाहेर; लोंब्या कुठंही झुकलेल्या असोत.

खुंटी ठोकायच्या आधीच वाद सुरू व्हायचा. आबांना आपल्या खाचराचा मान प्यारा. "भाऊसाहेब, चार पावलं वर सरका की. हितं पाणी साठतं, दाणा भरत न्हाई." शेजारच्या बांधावरचे काका लगेच उलटं सांगायचे, "नगं नगं, हितंच घ्या. आणेवारी कमी लागली तर गावाचं भलं हुईल." भाऊसाहेब दोघांकडेही न बघता म्हणायचे, "आकडा जिथं न्येईल तिथं खुंटी, आबा." यदृच्छेचं समर्थन याहून चांगलं मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मान हवा असलेला चांगला कोपरा दाखवणार, सूट हवी असलेला वाईट. दोघांचंही न ऐकणारा एकच तटस्थ इसम, तो म्हणजे तक्ता.

मग कापणी, ताडपत्रीवर झोडणी, सुपानं पाखडणी आणि ताणकाट्यावर वजन. एक किलो भात पिशवीत घालून वाळवणीला ठेवायचा, ओल किती उडते ते पाहायला. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. पंधरा किलो भरले तर हेक्टरी तीस क्विंटल.

दोरीच्या काठावर एवढी काटेकोरी का, याचं उत्तर सुखात्म्यांनी दिलं. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमध्ये लहान लहान तुकडे कापायच्या मताचे होते. काम झटपट होतं. सुखात्म्यांनी मोठे आणि छोटे तुकडे एकाच शेतात कापून दाखवलं, की छोट्या तुकड्यांत पीक सातत्यानं जास्त भरतं. कारण साधं होतं. काठावरचं रोप आत की बाहेर अशी शंका आली, की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दहा बाय पाचच्या चौकोनाला पन्नास चौरस मीटरमागे तीस मीटर काठ असतो. एक बाय एकच्या चौकोनाला एकाच चौरस मीटरमागे चार मीटर. काठ जितका जास्त, तितकी शंकेची रोपं जास्त, तितका आकडा फुगलेला.

याच चौकोनात दोन्ही जातींची वितरणं शेजारी शेजारी राहतात. खोडकिडा लागलेले चूड मोजायचे असतात. ते शून्य असतील, एक असेल, दोन असतील, अडीच नसतात. भाताचं वजन मापायचं असतं; ते पंधरा किलो असेल, पंधरा किलो वीस ग्रॅम असेल, काटा जेवढा बारीक तेवढं. पहिलं खंडित, दुसरं सलग.

वितरण म्हणजे काय, तर एका रुपयाची वाटणी. घडू शकणारी सगळी उत्तरं मिळून सोळा आणे खात्री. त्यातले कुणाच्या वाट्याला किती आणे, हे सांगणारा तक्ता. आता खोडकिड्याचं घ्या. शेकडा पाच गाभेमर (किडीनं वाळलेला गाभा) दिसली की औषधाचा विचार करा, असं कृषी खातं सांगतं. भात २० बाय १५ सेंटिमीटरवर लावलेलं असेल तर एका चौरस मीटरमध्ये तेहेतीस चूड बसतात. समजा, शिवारात खरोखरच शंभरातले पाच चूड किडलेले आहेत आणि कीड कुठंही सारखीच लागते. मग चौरस मीटरची चौकट टाकली तर किती सापडतील? द्विपदी वितरण उत्तर देतं. एकही न सापडण्याला सुमारे तीन आणे, एक सापडण्याला पाच आणे, दोनला सव्वाचार, तीनला अडीचच्या जरा आत आणि चार किंवा जास्तला उरलेला सव्वा आणा. म्हणजे कीड मर्यादेला पोचलेली असूनही, शंभर चौकटींतल्या अठरा चौकटी स्वच्छ दिसतील. एकच चौकट टाकून "आमच्याकडं काय न्हाई" म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो, त्याच्या वाट्याला ते तीन आणे आलेले असतात.

प्रत्यक्षात कीड इतकी न्यायानं वागत नाही. एका चुडाला लागली की शेजारच्याला धरते, म्हणून काही चौकटी रिकाम्या आणि काही गच्च असं होतं. तिथं द्विपदी किंवा प्वासाँचं वितरण तोकडं पडतं आणि ऋण द्विपदी नावाचं वितरण जवळ बसतं. सिमेओं प्वासाँचं सूत्र १८३७ सालचं. त्याला प्रसिद्धी मिळाली ती बोर्टकेविच यांनी १८९८ साली प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांची यादी त्यात बसवून दाखवली तेव्हा. दहा पलटणींच्या वीस वर्षांच्या, म्हणजे दोनशे नोंदींत मृत्यू १२२; त्यांतल्या १०९ नोंदींत एकही नाही, ६५मध्ये एक, २२मध्ये दोन, तिघींत तीन आणि एकीत चार. सूत्रानं सांगितलेली वाटणी जवळजवळ हीच. तिथं घोडा घोड्याला बघून लाथ मारत नव्हता. किड्याचं तसं नाही.

वजनाकडे वळलं की वाटणीची रीत बदलते. बरोब्बर पंधरा किलो, ना ग्रॅम कमी ना जास्त, असं भरण्याची शक्यता शून्य. सलग गोष्टीत एका बिंदूच्या वाट्याला काहीच येत नाही; वाटा मिळतो तो पट्ट्याला. बारा ते अठरा किलोंच्या मध्ये किती आणे, असं विचारावं लागतं. पायऱ्या आणि पट्टे यांचा दुवा १७३३ साली अब्राहम द म्वाव्र यांनी शोधून काढला. नाणं पुष्कळ वेळा उडवलं, तर छाप्यांच्या संख्येच्या पायऱ्या इतक्या दाटतात की त्यांच्या माथ्यावरून घंटेच्या आकाराची सलग रेषा काढता येते. हेच पुढं लाप्लास आणि गाउस यांच्या हातून नावारूपाला आलेलं प्रसामान्य वितरण. खंडिताच्या पोटातून सलग निघालं.

पावसाची गोष्ट खंडित आणि सलग यांच्या मधली. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तामिणी घाटात हजारो. माण या दोहोंच्या मध्ये कुठंतरी. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत आजही 'सिमला ऑफिस'. या खात्याच्या व्याख्येप्रमाणे अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो दिवस पावसाचा. एका दिवसाचा पाऊस वाटायला घेतला, तर रुपयातला मोठा हिस्सा 'काहीच नाही' या एका खंडित उत्तराला जातो आणि उरलेला एक ते शंभर-दोनशे मिलिमीटरच्या सलग पट्ट्यावर पसरतो, तोही घंटेसारखा नव्हे. अलीकडे फुगीर, पलीकडे लांब शेपटीचा. महिन्याच्या पावसाला गॅमा वितरण चांगलं बसतं, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले संशोधक मुळे यांनी १९७३ साली दाखवलं. शेपटी लांब असते म्हणूनच सरासरी पाऊस पडलेल्या वर्षीही रोपं वाहून जातात.

आता परत पिकावर. समजा, एका महसूल मंडळातल्या खाचरांत पन्नास चौरस मीटरचं वजन सरासरी पंधरा किलो आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप, तीन किलो. घंटेच्या नियमानं दोनतृतीयांश शेतं बारा ते अठरा किलोंमध्ये येतील. शंभरातली सुमारे सोळा बाराच्या खाली. आता दहा ठिकाणी कापणी करून सरासरी काढा. दहांच्या सरासरीचं विचलन तीन भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे किलोच्याही आत. ती सरासरी बहुतेक वेळा तेरा ते सतरामध्येच राहणार. शेतं हेलकावतात, सरासरी स्थिर बसते. सुखात्मे-पानशांच्या पद्धतीचं हेच बळ. थोड्या कापण्यांत साऱ्या मंडळाचा भरवशाचा आकडा मिळतो.

आणि दुखणंही तिथंच. १९७६ साली पुण्याच्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी पीकविम्याची मांडणी केली. शेतकऱ्या-शेतकऱ्याच्या पिकाची जुनी नोंद नाही, आणि प्रत्येकाचं नुकसान वेगळं तपासायला जावं तर खर्च आणि खोटेपणा दोन्ही वाढणार. म्हणून विभागाची सरासरी घसरली तरच त्या विभागातल्या सगळ्यांना भरपाई. १९७९चा प्रायोगिक विमा, १९८५ची सर्वंकष योजना, १९९९ची राष्ट्रीय योजना, २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा कणा हाच. २०१६च्या योजनेत मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढायची, तिला योजनेनं ठरवलेल्या टक्केवारीनं, म्हणजे जोखीमस्तरानं गुणायचं, की उंबरठा उत्पादन मिळतं. मंडळासाठी किमान दहा कापण्या. त्यांची सरासरी उंबरठ्याखाली गेली तर सगळ्यांना पैसे, नाही गेली तर कुणालाच नाहीत. आपण गृहीत धरलेल्या मंडळात उंबरठा बारा किलोंचा असेल, तर पंधराची सरासरी त्याच्या खाली जाण्याची वेळ फारशी येणार नाही. आणि त्याच वर्षी ती सोळा कुटुंबं, म्हणजे रुपयातले अडीच आणे, बाराच्या खाली बसलेली असतील.

दांडेकरांना हे कळत नव्हतं असं कुणी समजू नये. उपलब्ध कागदपत्रांत जे शक्य होतं ते त्यांनी सुचवलं. गंमत अशी, की हेच दांडेकर आणि सुखात्मे सत्तरच्या दशकात दुसऱ्या एका रेषेवरून समोरासमोर आले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा माणशी रोज २,२५० कॅलरींवर मारली. सुखात्म्यांचं म्हणणं, ही तर सरासरी गरज झाली. निरोगी माणसांतही गरज कमी-जास्त असते, सरासरीवर रेषा मारली तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतील. रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली मारा. घंटा दोघांची एकच, वाद रेषा कुठं मारायची एवढाच. चार आण्यांचा वाद पुन्हा नव्या कपड्यांत उभा होता.

आज माणमध्ये खाचरं थोडी उरली आहेत. भोईरवाडी-बोडकेवाडीकडं आयटी पार्कचा तिसरा टप्पा पोचला, मेट्रोचा डेपो आला. आमच्या खाचराच्या जागी काचेची इमारत आहे आणि तिच्यात बसून मुलं-मुली संगणकाला वितरणांचा अभ्यास करायला लावतात. पश्चिमेकडं पौडच्या पुढं मात्र आंबेमोहर आणि इंद्रायणी अजून लावतात, आणि पैसेवारी अजून जाहीर होते. पूर्वी ती पन्नास पैशांच्या वर गेली की दुष्काळाच्या सवलतींची दारं बंद होत.

सरासरी आणि रेषा दोन्ही काढून टाका, असं मी म्हणणार नाही. सारा लावायला, विमा चालवायला कुठंतरी रेषा लागतेच. माझं मागणं लहान आहे. मंडळाची सरासरी जाहीर करताना तिच्याशेजारी कापण्यांची दहाही वजनं छापा. नऊ, अठरा, चौदा, सात, जी असतील ती, गाव आणि सर्व्हे नंबर वगळून हवं तर. ती आकडेवारी आजही मोबाइलच्या अ‍ॅपात भरली जाते, नव्यानं काही कापायचं नाही. दहा आकड्यांवरून पसारा किती आहे ते कुणालाही दिसेल, आणि पसारा मोठा असेल तर त्या वर्षी मंडळ मोडून गावनिहाय कापण्या वाढवायची मागणी ग्रामसभेला आकड्यानिशी करता येईल. आबांचे धा आणे आणि शेजारच्या काकांचे नऊ हे दोन्ही आकडे त्या दिवशी खरे होते. दप्तरानं दोन्ही लिहून घेतले असते, तर सुखात्म्यांचं अर्धं काम आमच्या बांधावरच झालं असतं.